देवी बोलते तेव्हां

डेल्फी येथील अपोलोचें देवस्थान प्राचीन ग्रीकांना पृथ्वीचा मध्य वाटे. तेथें तिवईवर बसून देवाची वाणी बोलणाऱ्या पुजारिणीस पिथिया म्हणत. ही कोणी विदुषी असेल, असा वाचकाचा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु त्याच देवळांत पुरोहित असलेला प्लूटार्क सांगतो कीं, त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरीं वाढलेली, कसलेंही शिक्षण न झालेली बाई होती. हें आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां हिंगोलीच्या आसपासच्या खेड्यांतून आलेले विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हंसतात. त्यांना पिथिया समजावून द्यावी लागत नाहीं. ती त्यांच्या आळींतच राहते.

नवरात्र आलें कीं माहूरच्या रेणुकेचें किंवा तुळजापूरच्या भवानीचें वारें बाईच्या अंगांत येतें. कपाळीं मळवट, गळ्यांत कवड्यांची माळ, केस मोकळे. संबळाच्या नादावर ती घुमूं लागते आणि जमलेलीं माणसें ‘बोल, आई’ म्हणून पायां पडतात. वर्षभर जिचें मत घरांत कोणी विचारीत नाहीं, तिच्यापुढें त्या घटकेस सासूही पदर पसरते.

कयाधूकांठच्या एका गांवीं आम्हीं हें जवळून पाहिलें आहे. अष्टमीच्या रात्रीं एका सुनेच्या अंगांत देवी आली. घरांतील थोरल्या मुलीचें लग्न ठरत आलें होतें. तिचें वय पंधरा. ‘पोरीला औंदा उजवूं नका, शाळा शिकूं द्या,’ असें देवीनें बजावलें. जें त्या मुलीची आई महिनाभर रडून सांगत होती, तेंच आतां घरच्या कर्त्या पुरुषानें हात जोडून मान्य केलें. आम्हांस मनांतून आनंद झाला. परंतु वारें उतरण्यापूर्वींच कोणीसें विचारलें, ‘आई, गाय कशानें मेली?’ आणि तोच हात शेजारच्या एका वृद्ध विधवेच्या घराकडे वळला. त्या दिवसापासून म्हातारीचा उंबरा कोणी चढेना. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून घागर दूर धरूं लागल्या. मुलगी शाळेंत राहिली. म्हातारी दिवाळीपूर्वींच लेकीच्या गांवीं गेली, ती परतली नाहीं.

एकाच तोंडून एकाच रात्रीं न्याय आणि अन्याय दोन्ही निघाले. या विषयावर सुशिक्षितांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हें सारें सोंग आहे. दुसरा म्हणतो, दबलेल्या स्त्रीला बोलावयास हीच एक वाट उरली आहे. पहिला पक्ष त्या मुलीला विसरतो, दुसरा त्या म्हातारीला.

ग्रीक लोक देववाणीला मानीत, पण तिच्यापुढें बुद्धि गहाण टाकीत नसत. हिरोडोटस सांगतो कीं, क्रीसस राजानें इराणवर चढाईविषयीं विचारलें असतां एक मोठें राज्य बुडेल असें उत्तर मिळालें. बुडालें तें त्याचेंच. त्यानें गाऱ्हाणें केलें तेव्हां, कोणाचें राज्य हें पुन्हां विचारणें तुझें काम होतें, असा जबाब त्याला आला. पुढें स्पार्टाच्या क्लिओमेनीस राजाच्या कारस्थानास वश होऊन खोटी वाणी सांगितल्याबद्दल पेरिआल्ला नांवाच्या पिथियेस पदावरून दूर करण्यांत आलें. सारांश, देवालाही उलट विचारतां येई, आणि त्याच्या नांवावर खोटें बोलणाऱ्यास जाब द्यावा लागे.

महाराष्ट्रांतील २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोखही असाच आहे. अंगांत शक्ति आल्याचें सांगून लोकांच्या मनांत भीति घालणें, किंवा अमुक माणूस करणी करतो असें जाहीर करून त्याचें जगणें नकोसें करणें, हा त्यानें गुन्हा ठरविला आहे. म्हातारीचा कैवार घेणारें कोणी तरी आतां आहे. मुलीच्या आईचें मात्र तसें नाहीं. आईचें म्हणणें घरांत ऐकलें जावें, असा हुकूम कोणत्याच कायद्याला काढतां येत नाहीं.

डेल्फीची वाणी ख्रिस्तोत्तर चवथ्या शतकाच्या अखेरीस मुकी झाली. आमच्या खेड्यांतील देवी कोणाच्या हुकुमानें गप्प होईल असें आम्हांस वाटत नाहीं. केस बांधून, चुलीपाशीं बसून, रोजच्या आवाजांत आईनें ‘नाहीं’ म्हणावें आणि घरानें तें पाळावें, असें घडूं लागेल, तेव्हां देवीला तिच्यासाठीं बोलावें लागणार नाहीं.