दसऱ्याआधीचं वंगण

खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार पडायच्या आधीचा रविवार माझा अंगणात जातो. माझी हिमालयन मोटरसायकल मेन स्टँडवर, मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं, खाली जुनी वर्तमानपत्रं. आई दरवर्षी ओटीवरून विचारते, "चालती गाडी कशाला खोलतोस रे?" प्रश्न रास्त आहे. मागच्या सस्पेन्शनच्या दुव्यांची, म्हणजे लिंकेजची, बेअरिंगं कामातून गेली तरी गाडी चालतेच, तीच तर त्यांची खोड.

चाकाचं बेअरिंग गरगर फिरतं आणि बिघडलं की घुरघुरून सांगतं. लिंकेजचं बेअरिंग जन्मात एक फेरी पुरी करत नाही. हातखंब्याहून रत्नागिरीत येताना चाक खड्ड्यात आपटलं की ते जरासं वळतं आणि माघारी येतं. आत सुईसारखे बारीक रोलर असतात. ते त्याच त्या जागी मागेपुढे घासत राहतात, ग्रीस बाजूला सरतं आणि सरलेलं ग्रीस परत आणायला पुरी फेरी काही होत नाही. आई बसते त्या झोपाळ्याची कडी बघा, तीही एकाच बाजूने झिजलेली असते. फरक एवढाच, की झोपाळा कुरकुरतो आणि कोणीतरी उठून तेल घालतं.

हा सांध्यांचा पसारा तसा अलीकडचा. मागे एकच शॉकअप ही कल्पना बेल्जियमच्या ल्युसिएन टिलकेन्सची. ती यामाहाने घेतली आणि 1973 मध्ये हाकान अँडरसनने त्या गाडीवर 250 सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढे 1980 च्या आसपास कावासाकी, होंडा, सुझुकी यांनी शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये रॉकर आणि दुवे घातले. त्यामुळे बारीक खडीवर सस्पेन्शन मऊ राहतं आणि मोठ्या उडीला घट्ट होत जातं. आपल्याकडे 2016 मध्ये हिमालयन आली तेव्हा मागच्या चाकाला 180 मिलिमीटरची हालचाल या लिंकेजवर मिळाली. तोवर बुलेटवाल्यांना मागे दोन शॉकअपच ठाऊक. सुख मोठं, पण ते ज्या सांध्यांवर उभं आहे ते गाडीच्या अगदी पोटाखाली, चाकाने उडवलेल्या चिखलाच्या वाटेवर.

आणि चिखल आमचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि त्यात जांभ्याची लाल माती. ती ग्रीसमध्ये मिसळली की पाट्यावर बारीक वाटल्यासारखं वाटण होतं, आणि ते वाटण पोलाद खातं. त्यात खारा वारा.

पहिल्या खेपेचा अनुभव सांगतो. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती. भाट्याच्या वाळूतून आलो की मी दर रविवारी प्रेशरच्या पाण्याने तिचं पोट लखलखीत धुवायचो आणि त्याचा अभिमान बाळगायचो. खोलायला बसलो तर रॉकरचा बोल्ट जागचा हलेना. मी हातोडा घेतला. शेजारचे चाचा, मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली, ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, "हातोडा ठेव खाली. तोंड फुगलं बोल्टचं, तर मग तो या जन्मात येत नाही." त्यांनी डिझेल ओतून रात्रभर भिजत ठेवायला लावलं. सकाळी पाना आधी घट्ट करायच्या बाजूला केसभर, मग सैल, पुन्हा घट्ट. अर्ध्या तासाने बोल्ट आला, तपकिरी, खडबडीत. आतल्या रोलरांचा गंजाने भुगा झाला होता. सील धूळ अडवतं, पण प्रेशरचं पाणी अडवणं त्याला झेपत नाही. धुण्याचा तो सोस माझाच होता.

तेव्हापासून गाडीचं पोट मी बादली आणि ब्रशनेच धुतो.

खरं काम सावकाशीचं. रोलरांच्या आतली स्लीव्ह बाहेर ओढताना खाली तळहात धरायचा, काही बेअरिंगांत रोलरांना पिंजरा नसतो, ते मोत्यांसारखे सांडतात. डिझेलने धुवायचं, चिंधीने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाई इथेच नडते, कारण ओल्या पोलादाला ग्रीस धरत नाही. मग स्लीव्हवरून नख फिरवायचं. डोळ्याला नुसता डाग दिसतो, नखाला चर लागते. नख अडलं तर स्लीव्ह आणि बेअरिंग दोन्ही बदलायची, एकट्या नव्या स्लीव्हला जुने रोलर खाऊन टाकतात. जुनं बेअरिंग ठोकून काढू नये, लांब बोल्ट आणि मापाची गोटी लावून ओढून काढावं.

ग्रीसबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. डब्यावरच्या रंगाला भुलू नका, निळं असो की लाल, ते पाण्याने धुऊन जाणारं नसावं. मी लाँचींवर वापरतात तसलं कॅल्शियम सल्फोनेटचं आणतो. नव्या डब्यातलं ग्रीस जुन्यावर थापायचं नाही, दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतात. बोटाने प्रत्येक रोलरच्या फटीत दाबायचं, पलीकडून बाहेर येईपर्यंत. सीलच्या ओठालाही बोटभर. बोल्टच्या दांड्याला पातळ हात, आटे मात्र पुसून कोरडे, म्हणजे टॉर्क पाना खोटं बोलणार नाही. हात कोपरापर्यंत माखतात आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो.

यंदा एकच स्लीव्ह बदलावी लागली. आईला दाखवली, तिने नख फिरवून बघितलं आणि काही न बोलता परत दिली.

तुमच्या गाडीला मागे लिंकेज असेल तर आज संध्याकाळी ती मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचला. शॉकअप दबायच्या आधी हाताला 'टक्' असं लागलं, तर दसऱ्याची वाट बघू नका.