राख, चिंच आणि कडप्प्याचा ओटा

आमच्या पिढीच्या गोवंडीकरांना आठवत असेल, प्रत्येक घरात मोरीपाशी एक गंजका डबा असायचा. बहुतेक डालड्याचाच. त्यात चाळलेली राख. तीही लाकडाची नाहीतर भुशाच्या शेगडीची. दगडी कोळशाची चालायची नाही, तिने पितळेवर चरे पडायचे. वखारीतून भुसा आणायचा मुलांनी, राख चाळायची आणि घासत बसायचं मुलींनी. ही वाटणी तेव्हाही बरोबर नव्हती.

पाण्याचं तर विचारू नका. नळ पहाटे यायचा आणि हंडे-कळश्या भरतात न भरतात तोच जायचा. म्हणून तेलकट कढई आधी कोरड्या राखेने, नारळाच्या शेंडीने घासायची आणि मगच पाण्याला हात लावायचा. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तेलाशी गाठ पडली की त्याचा थोडा साबणच होतो, हे आम्हाला पुढे शाळेत कळलं. आयांना ते बोटांना जाणवणाऱ्या बुळबुळीवरून केव्हाच ठाऊक होतं.

टाकायचं काही नाही. आमटीत कोळून उरलेला चिंचेचा चोथा तांब्याच्या हंड्याला. पिळलेल्या लिंबाची साल, मिठात बुडवून, समईला. सारातली आमसुलं निरांजनाला. फार आंबलेलं ताक पितळी डब्यांना. आंबटाने काळा थर विरघळायचा आणि हंडा असा गुलाबी निघायचा की शेजारीण दारातूनच विचारायची, नवा घेतलात का हो?

पण ओट्याला आंबट नाही म्हणजे नाही! कडप्पा हा चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू सांडलं की पांढरट डाग, तो जन्माचा. ओट्याला सोडा, ओल्या फडक्यावर चिमूटभर. मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, आणि सणासुदीला खोबरेलाचा हात. आज सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळवून पुसायला सांगतात. दोघं एकमेकांना मारतात, मागे उरतं जवळपास खारट पाणी. आमच्या घरात आंबट वेगळं नि सोडा वेगळा.

रात्री ओटा कोरडा झाल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, याला आमच्याकडे खास कारण होतं. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं, आमच्या वस्त्या वसल्या त्याच्या कितीतरी आधीचं. पावसाळ्यात माश्यांचे थवे यायचे. ओट्यावर भाताचं शीत राहिलं तर सकाळी घर त्यांचं. मुंग्यांसाठी हळदीची रेघ, धान्याच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. माश्यांवर मात्र एकच उपाय, कोरडा ओटा.

आणि कल्हईवाला! दिवाळीआधी आमच्या गल्लीत, ईदेच्या आधी पलीकडच्या, माणूस तोच. भाता फुंकायचा, तापल्या पातेल्यात नवसागर टाकून पांढरा धूर काढायचा, कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. चिंचेने घासलेलं पातेलं बाहेरून कितीही झळको, आतली कल्हई उडाली की त्यात आमटी करायची नाही. आंबटाने तांबं-पितळ अन्नात उतरतं, आमटी कळकते. आधी कुणाचं भांडं, यावरून दोन्ही गल्ल्यांतल्या बायका तावातावाने भांडायच्या, आणि तिसऱ्याच कुणाची तरी देग आधी भट्टीवर चढायची.