रायगडाचा दरवाजा आणि गोल्फचा 'रेडान'

१/ डोंबिवलीच्या आमच्या चाळीच्या अंगणात एका दिवाळीला मी रायगड उभारला. विटा, गोणपाट, माती आणि वर अळिवाची हिरवळ. महादरवाजा सर्वांना दिसावा म्हणून मी तो अगदी समोर आणला. आजोबा एवढेच म्हणाले, "मग शत्रूलाही दिसला की!" खरा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपलेला आहे.

२/ ही चूक चार्ल्स मॅकडोनल्ड यांनी शतकापूर्वीच टाळली होती. लाँग आयलंडवर १९११ मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या गोल्फ मैदानात स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या 'रेडान' या होलची प्रतिकृती आहे. हे नाव सेवास्तोपोलच्या तटबंदीवरून पडले. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, तिच्यावरील इंग्रजांचे दोन्ही मोठे हल्ले फसले होते.

३/ मॅकडोनल्ड यांनी त्या होलचा डाव उचलला. एका बाजूला खोल बंकर, मागे तिरका उतार. सरळ चाल करणारा वाळूत अडकतो. उतार ओळखून चेंडू बाजूने घरंगळवणारा पोहोचतो. अंतर एका फटक्याचेच, म्हणून छोट्या मैदानातही हा डाव मावतो.

४/ पुढच्या दिवाळीत माझ्या रायगडाचा दरवाजा शोधताना आजोबांनाही वाकावे लागले.