चौथा सड

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. आम्ही श्रीगोंदा तालुक्यातले, त्यामुळे गाय घ्यायची असो की द्यायची, पहिलं नाव काष्टीचंच. म्हैस हवी असेल तर घोडेगावचा शुक्रवार, संकरित गाय निवडून घ्यायची असेल तर लोणीचा बुधवार. बाजारात बायका सहसा जात नाहीत. मी जाते, कारण आमच्या नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मी नवी होते तेव्हाच फर्मान काढलं होतं, "धारा सूनबाई काढणार, मग गाय आम्ही बापलेकांनी कशाला पसंत करायची?" सुरुवातीला व्यापारी मला बघून शिव्या गिळायचे. पुढं सवय झाली, मलाही आणि त्यांनाही.

बाजारातल्या लबाड्या जुन्याच आहेत. सगळ्यांना ठाऊक आहेत, तरी चालतात. कास तुंबवून आणणं ही त्यातली सगळ्यात साधी. आदल्या सकाळपासून धार काढायचीच नाही. गाय बाजारात उभी राहते तेव्हा कास गच्च, सड फाकलेले, चालताना मागचे पाय फेंगडे पडतात. गिऱ्हाइकाला वाटतं, वीस लिटरची गाय आहे. गाईला काय कळा येत असतील ते कोण विचारतो! फारच तुंबलं की दूध आपोआप गळायला लागतं, मग सडाच्या टोकाला काहीबाही चिकट लावून तोंड बुजवतात. यावर उपाय एकच, तिथंच धार काढायला लावायची. दुधाची कास धार काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, तिला चुण्या पडतात. मांसाची कास तशीच टम्म राहते. पहिल्या धारेला निघालेल्या दुधावर भाव ठरवायचा नाही, संध्याकाळी पुन्हा काढून बघायचं. व्यापारी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार नसला तर आपण टेम्पोवाल्याला "चल" म्हणायचं.

एकदा एक काळीबांडी गाय नजरेत भरली होती. दुसऱ्या वेताची, अंगानं भरलेली, डोळा शांत. व्यापारी स्वतःच धारेला बसला. "बघा ताई, चारी सड चालू. खोटं असेल तर गाय फुकट न्या." मी बादलीकडं बघितलंच नाही, नुसता कान दिला. त्याच्या एका हाताची धार बादलीत दणदणीत वाजत होती आणि दुसऱ्या हाताची वाजतच नव्हती. पुढचा डावा सड तो नुसता चोळत होता. बोटं वरून खाली अशी सफाईनं सरकत होती, की उभ्यानं बघणाऱ्याला दूध येतंय असंच वाटावं. मी "उठा जरा" म्हटलं आणि बसले. सड हातात घेतला तर आत कडक गाठ. दगडी होऊन गेलेला, मुका सड. मी नानांकडं बघितलं. नाना शांतपणे म्हणाले, "आता तीन सडांचा भाव सांग." व्यापाऱ्यानं जराही न लाजता सात हजार उतरवले. शेजारच्या दावणीवरचा दुसरा व्यापारी खो खो हसला. गाय आम्ही घेतली नाही, दगडी एका सडावर थांबेल याचा भरवसा नसतो. चहा मात्र त्याच व्यापाऱ्याच्या पैशानं प्यालो. "फुकट न्या" म्हणाला होता त्याची आठवण त्याला कुणी करून दिली नाही. बाजारात तशी आठवण करून देत नाहीत.

वासराची लबाडी मला जास्त लागते. पायाशी कालवड असली की गाईला भाव चढतो, गोऱ्हा असला की उतरतो. म्हणून एकीची कालवड दुसरीच्या पायाशी बांधतात. ओळखायला फार अक्कल लागत नाही. वासराला दाव्यानं जरा लांब ओढायचं. आई असेल तर मान वळवते, हंबरते, निदान कान तरी टवकारते. परकी असेल तर रवंथ करत राहते. काष्टीतच एका गाईला मी बघितलं होतं, ती लांब ट्रकजवळ बांधलेल्या गोऱ्ह्याकडं तोंड करून उभी होती आणि पायाशी बांधलेली कालवड तिच्या कासेला तोंड लावायला गेली की लाथ झाडत होती. मालक म्हणाला, "पहिलारू आहे हो, शिकेल."

बाकीच्या गोष्टी पुरुषमाणसं तपासतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली, हे तोंड उघडून बघता येतं. पण दात जुळले की पुढचं वय झिजेवरून अंदाजानं धरायचं आणि शिंगांवरच्या कड्या मोजायच्या. व्यापारी कड्या कानशीनं घासतो, वर तेल चोळतो. गाभण गाय बसली की अंग बाहेर येतं, ही खोड सांगायची टाळायची असेल तर तिला बाजारात बसूच देत नाहीत. मागचे पाय उंचवट्यावर येतील अशी जागा धरतात. दिवसभर उभी असलेली गाभण गाय दिसली की नाना पुढं चालायला लागायचे. सौदा रुमालाखाली. बोटं धरली की तेवढे हजार, पंजा धरला की पाच, आणि वर तोंडानं भलतंच काहीतरी. माझ्याशी मात्र व्यापारी तोंडीच बोलतात, बाईचा हात कसा धरणार! त्यामुळे माझा भाव सगळ्या बाजाराला ऐकू जातो. यात माझा तोटा होतो की फायदा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लबाडी वाढते कधी, हेही बघून बघून कळायला लागलं आहे. दुधाचा दर पडला की. २०२३ च्या जुलैत सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये ठरवून दिले आणि वर्ष सरता सरता तो दर कागदावरच राहिला. त्या हिवाळ्यात बाजारात गाई खंडीनं आल्या, आणि अधू गाई जास्त. दुसरं कारण भाकड जनावराचं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड गाय, बैल, गोऱ्हा यांना गिऱ्हाईकच उरलं नाही. सांभाळायला दिवसाला वैरण लागते आणि विकायला जागा नाही, तेव्हा दोनदा उलटलेली गाय "गाभण आहे" म्हणून कुणाच्या तरी गळ्यात बांधावीशी वाटते. त्या शेतकऱ्याचं मी समर्थन करत नाही, पण त्याची अडचण मला समजते. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे बाजार बंद झाले तेव्हा सौदे मोबाईलवर आले. धारेचा व्हिडिओ पाठवायचा, त्यात बादली फेसानं काठोकाठ. बादली धारेआधी रिकामी होती का, हे व्हिडिओत कधी नसतं.

आता नानांबद्दल. नाना खोटं बोलत नाहीत, पण खरं आपणहून सांगतही नाहीत. आमची एक गाय फक्त मलाच पान्हा सोडायची. घरातला पुरुष बसला की दूध वर ओढून घ्यायची. नानांनी ती बाजारात मांडली, मी धार काढून दाखवली, भीमेपलीकडच्या एका माणसानं बघता बघता सौदा केला. मी नानांना हळूच म्हटलं, "सांगायचं का?" नाना म्हणाले, "विचारलं तर सांगू." त्यानं दात विचारले, वेत विचारलं, लाथ मारते का विचारलं. हे विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी तो आमचा टेम्पो हुडकतच आला. "आजोबा, गाय दूध देईना." नाना म्हणाले, "मालकिणीला बसव." तो म्हणाला, "मालकीण नाही, दोघं भाऊच आहोत." नानांनी त्याला बसवून चहा पाजला. दोन हजार परत घे म्हणाले, त्यानं नको म्हटलं. थोडा वेळ खाली बघत बसला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमची एखादी जुनी साडी मिळेल का? अंगाभोवती गुंडाळून बसतो." मी हो म्हटलं तर वर म्हणतो, "धुऊ नका मात्र. गोठ्यातलीच द्या." आमच्या मिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साडी दिली. गाईनं पान्हा सोडल्याचा फोन आला, आणि त्या फोनमध्ये त्यानं दुसऱ्या साडीचंही विचारून घेतलं, कारण भाऊ उंच होता.

अशी मागणी मला आवडते. माणूस अडलेला होता आणि त्यानं मागितलं ते सरळ मागितलं.

गावातल्या मागण्या तशा नसतात. बाजारात नाही म्हटलं तर कुणी रागावत नाही, पुढच्या गाईकडं जातात. गावात नाही म्हटलं की लग्नात पंगतीला बोलावणं येत नाही. गाय व्याली की वार पडायच्या आत चिकासाठी दारात भांडी येतात. चाळीस किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत चारेक लिटर चीक पोटात जायला हवा, दिवस उलटला की त्याचा पुरता उपयोग होत नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, "एवढुसा पाहिजे, वाटीभर." अशा दहा-बारा वाट्या. पुण्यातले नातेवाईक तर गाय गाभण आहे तेव्हापासून खरवसाची तारीख धरून असतात. चुलत सासूबाईंचं भांडं तेवढं परत येताना रिकामं येत नाही, तळाशी गुळाचा खडा असतो. बाकीच्यांची भांडी मला आणायला जावं लागतं.

दूध संकलनावर वेगळीच तऱ्हा. फॅट काढायला चमचाभर दूध पुरतं, पण नमुन्याचं भांडं मोठं ठेवायचं आणि उरलेलं आपल्या कॅनमध्ये ओतायचं, ही युक्ती मी एका केंद्रावर रोज बघत होते. शेवटी मी घरून छोटी वाटी न्यायला लागले. केंद्रवाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही लई बारीक बघता." त्याच रांगेत माझ्यामागं उभी असणारी एक बाई मला रोज हळूच म्हणायची, "तुमच्या म्हशीचं तांब्याभर आमच्या कॅनमध्ये घाला की, आमची फॅटच बसत नाही." तिची फॅट का बसत नव्हती हे त्यांच्या हौदाला ठाऊक.

आणि आमचे एक शेजारी. नाव लिहीत नाही, रोज समोर येतात. त्यांनी दोन दुधाळ जनावरांच्या योजनेत गाई घेतल्या होत्या, सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान असतं. त्यातली एक गाय त्यांनी परस्पर विकली. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर पहाटेच दारात. "वहिनी, तुमची बांडी गाय तासभर आमच्या गोठ्यात बांधू द्या. चारा माझा." मी म्हटलं, "भाऊजी, कानात बारा आकडी बिल्ला आहे. साहेबांनी मोबाईलवर टाकला की आमच्या मिस्टरांचं नाव येईल." भाऊजींनी बिल्ल्याकडं बराच वेळ बघितलं. "कानाला फडकं गुंडाळलं तर? जखम झाली म्हणून."

२०२४ च्या जानेवारीत दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू झालं तेही बिल्ल्यावर, आणि जूनपासून तर बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीच बंद. त्यामुळे भाऊजींचं बिल्ल्याबद्दलचं कुतूहल वाढत गेलं. त्यांची उरलेली गाय पोट फुगून गेली तेव्हा आम्ही सगळे धावलो, डॉक्टर येईपर्यंत तेल पाजलं, उपयोग झाला नाही. भाऊजी खरोखर रडले. विमा त्यांनी पुढच्या वर्षाचा भरलेला नव्हता. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर आले, पाणी प्यायले आणि आवाज खाली करून म्हणाले, "तुमच्या बांडीचा विमा चालू आहे ना? रंग सारखाच आहे. तिचा बिल्ला हिच्या कानात घातला तर पैसे निम्मे निम्मे."

नाना आत झोपले होते, त्यांना खोकला आला.

मी म्हटलं, "आणि माझी जिवंत गाय कागदावर मेली, की तिचं दूध कुणाच्या नावावर घालू?"

भाऊजींनी विचार केला. "ते आपण नंतर बघू."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींच्या बायकोनं पाण्याला जाताना मला हाक मारणं बंद केलं. भाऊजी मात्र आठवडाभरात परत आले. नवी गाय आणणार होते, मेव्हण्यानं पैसे दिले होते, पण वैरण नव्हती. कडब्याच्या दोनशे पेंढ्या उसन्या हव्या होत्या, सुगीला परत करणार. दिल्या. वहीत तारीख, पेंढ्या लिहिल्या आणि वही त्यांच्यापुढं सरकवली. सही करता करता दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एवढाही विश्वास नाही का?" आणि दोनशेच्या पुढं ट्रॉलीत अजून पाच पेंढ्या टाकल्या, वाटेत पडतात म्हणून.