सरेचा चिखल आणि अण्णांचा वापसा

आमच्याकडे गिल्डफर्डला पाहुणे येतात ते जून ते ऑगस्टमध्ये. आम्ही त्यांना लीथ हिलवर नेतो. सरे परगण्यातली ही सर्वात उंच जागा, २९४ मीटर. माथ्यावर रिचर्ड हल या गृहस्थांनी १७६५ साली बांधलेला बुरूज आहे. टेकडी हजार फुटांना जरा कमी पडत होती, ती कसर बुरुजाने भरून काढली. हवा स्वच्छ असेल तर वरून एका बाजूला लंडन दिसतं आणि दुसऱ्या बाजूला समुद्राची बारीक रेघ. पाहुणे फोटो काढतात आणि म्हणतात, "किती छान जागी राहता हो तुम्ही!"

नोव्हेंबर ते मार्च इथे काय असतं, ते आम्ही त्यांना सांगत नाही. दिवाळीच्या मागेपुढे घड्याळं एक तास मागे जातात. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि मधल्या वेळात पाऊस नसला तर धुकं असतं. नेमक्या याच दिवसांत मी आणि माझा मुलगा माउंटन बाइक घेऊन रानात जातो. हौस मूळची त्याची. चौदा वर्षांच्या मुलाबरोबर आठवड्यातून चार तास घालवायला मिळतात, तेही त्याच्या हातात फोन नसताना, म्हणून पन्नाशीला आलेल्या बापानेही सायकल घेतली. खिशात शंकरपाळे, पाठीवर पाणी आणि पंक्चरचं सामान.

आमचा मुलूख म्हणजे पीझलेक गावाच्या दोन बाजूंच्या टेकड्या, पिच हिल आणि होल्मबरी हिल. त्यांच्या अंगावरचं हर्टवूड हे रान खाजगी मालकीचं, पण १९२६ साली मालकाने ते लोकांना फिरायला खुलं केलं. इंग्लंडात सायकल वाटेल त्या पायवाटेवर घालता येत नाही. घोड्यांसाठी असलेल्या ब्रायडलवेवर मात्र १९६८च्या कायद्याने सायकलला परवानगी आहे. अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. घोडा दिसला की आम्ही थांबतो आणि मोठ्याने "गुड मॉर्निंग" म्हणतो. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

आता चिखलाविषयी. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, चिखल तो चिखल. मागच्या चाकाने उडवलेला चिखल डोक्यापासून कमरेपर्यंत बसला होता. घरी आल्यावर मी सायकल उचलून थेट न्हाणीघरातल्या टबात ठेवली. वाळू, पानं आणि पाइनच्या काड्या मोरीत जाऊन बसल्या. प्लंबर आला, त्याचं बिल आलं, आणि सौ.ने घराचा नवा नियम जाहीर केला : चिखल मागच्या दाराच्या आत येणार नाही, मग तो सायकलवर असो नाहीतर माणसावर.

पुढच्या खेपेला मी गाड्या धुतात तसल्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुतली. पाच मिनिटांत आरशासारखी झाली, आणि दोन महिन्यांत मागचं चाक कुरकुरायला लागलं. पाण्याच्या जोराने बेअरिंगमधलं ग्रीस धुवून गेलं होतं आणि त्या जागी बारीक वाळू शिरली होती. इथल्या टेकड्यांची वाळू मोठी वाईट. पाण्यात कालवली की पॉलिश पेपरचं काम करते. एखाद्या ओल्या दुपारी नवे ब्रेक पॅड अर्धे झिजून जातात.

तिसऱ्या हिवाळ्यात अण्णा आले.

माझे वडील याआधी दोनदा आले होते, दोन्ही वेळा आईबरोबर आणि उन्हाळ्यात. त्या वर्षी जुलैत आई गेली. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात धाकटा भाऊ शेती बघतो. त्याने फोनवर सांगितलं, "दादा, अण्णा बोलतच नाहीत. चार महिने तुझ्याकडे घेऊन जा." नोव्हेंबरात ते आले. सकाळी अंघोळ करून, स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीशी बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. काय विचारलं तरी उत्तर "बरं आहे." नातवाचं मराठी तोडकं, अण्णांचं इंग्रजी नाहीच. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे, तेवढंच.

एका शनिवारी आम्ही दोघं परतलो ते चिखलाचे पुतळे होऊन. मी परसात उभा राहून गार पाण्याच्या नळीने सायकलवर पाणी मारत होतो. मागचं दार उघडलं. अण्णा बाहेर आले, धोतर खोचलेलं, पायांत माझे गमबूट.

"अरे, असं धुतात होय? कोमट पाणी आण बादलीभर. आणि ब्रश आण."

मग त्यांनी धुवायला घेतलं. आधी तांब्या-तांब्याने वरून पाणी सोडून चिखल भिजू दिला. घाई नाही. माती आपोआप सुटून खाली आल्यावर मऊ ब्रशने सांगाडा, मग चाकं, शेवटी चेन. मी नळी चाकाच्या मधोमध धरली तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला. "बैल धुताना त्याच्या कानात पाणी घालतोस का? तसंच हे."

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू ओढून ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून मळतात. चेन कोरड्या फडक्याने पुसून एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडताना अण्णांचा हात तसाच चालत होता. मुलाने तेवढं त्यांना शिकवलं, की तेल ब्रेकच्या डिस्कवर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक लागत नाही. हे त्याने हातवारे करून सांगितलं आणि अण्णांना समजलं. त्या रात्री ते दोन भाकऱ्या जेवले.

पुढच्या शनिवारी अण्णा न विचारता गाडीत येऊन बसले. दोन दिवस पाऊस होऊन गेला होता. आमचा बेत टेकडीच्या दक्षिणेला, यूहर्स्टच्या बाजूने सुरुवात करायचा होता. तिथे ब्रायडलवे शेतांच्या कडेने जातो. अण्णा खाली उतरले, वाटेवर चार पावलं गेले आणि थांबले. बुटाला वीतभर माती चिकटली होती. वाकून त्यांनी मूठभर माती घेतली, दाबली आणि मूठ उघडली. लाडू तसाच्या तसा राहिला. बोटाने टोचलं तर नुसता खड्डा पडला.

"इथं जायचं नाही. वापसा नाही."

"वापसा म्हंजे?" मुलाने विचारलं.

मलाही हा शब्द ऐकून तीस वर्षं झाली होती. पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी निचरून जमीन हत्यार घालण्याजोगी होते, तो वापसा. त्याआधी औत घातलं तर माती तुडवली जाते, तिची ढेकळं होतात आणि वर्षभर पीक नीट येत नाही. मी इंग्रजीत सांगायला गेलो, पण मला दोन वाक्यं सुचेनात. अण्णांनी वाटेकडे बोट दाखवलं. कुणाच्या तरी चाकांनी तिथे हातभर खोल चर पडले होते, चरात पाणी साठलं होतं, आणि ते चुकवायला लोकांनी बाजूने चालून वाट दुप्पट रुंद केली होती. मुलगा म्हणाला, "ओके, गॉट इट."

आम्ही गाडी घेऊन वर पिच हिलला गेलो. तिथे अण्णांनी पुन्हा मूठ भरली. तांबूस, रेताड माती. दाबली आणि अंगठा लावताच भुरुभुरु पडली. "इथं जावा. हिला रात्रीत वापसा येतो."

घरी येऊन मी पुस्तक काढून पाहिलं. या टेकड्या ग्रीनसँड नावाच्या वालुकाश्माच्या. नाव हिरवं असलं तरी खडक झिजला की माती गंजाच्या रंगाची होते आणि पाणी लगेच झिरपतं. पायथ्याला, दक्षिणेला, वील्डची चिकण माती, आपल्या काळ्या रानाची बहीण शोभावी अशी. उत्तरेकडच्या नॉर्थ डाउन्सला खडू. तो भिजला की साबणासारखा निसरडा होतो. तीन हिवाळे मी या मातीत पडत होतो, पण हे मला समजलं नव्हतं. अण्णांना एका मुठीत समजलं.

परतताना पीझलेकच्या दुकानातला चीज स्ट्रॉ खात गाडीत बसलो होतो. अण्णा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "वापसा तुझ्या आईला आधी कळायचा. मी औत जुंपायला निघालो की म्हणायची, आजचा दिवस राहू द्या. मला राग यायचा. पण बरोबर तीच असायची."

चार महिन्यांत आईविषयी ते पहिल्यांदा बोलले. मी काही बोललो नाही. मुलाने मागून हात पुढे करून उरलेले शंकरपाळे त्यांच्या हातावर ठेवले.

अण्णा मार्चमध्ये परत गेले. आता दर शुक्रवारी रात्री मुलगा स्वतः त्यांना फोन लावतो. इकडचा पाऊस सांगतो, तिकडचा विचारतो. रानात स्वयंसेवक वाटांवर चर काढतात, दगड बसवतात, तिथे तो महिन्यातून एकदा फावडं घेऊन जातो. सायकल तोच धुतो : कोमट पाणी, मऊ ब्रश, कानात पाणी नाही. बुटांत रद्दी कोंबून ते हीटरपासून लांब ठेवतो. कपडे आधी परसात खळबळून मगच मशीनला जातात, त्यामुळे सौ.चीही तक्रार उरलेली नाही.

मागच्या जानेवारीत सलग तीन शनिवार आम्ही गेलोच नाही. तिसऱ्या शनिवारी मी जरा कुरकुरलो. फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडून अण्णा म्हणाले, "आजचा दिवस राहू दे."