उन्हाळ्यातलं काम

काल नारायणगावहून खोडदला गेलो. दुतर्फा टोमॅटोचे फड, सुतळीने तारेला बांधलेली झाडं, क्रेट भरणाऱ्या बाया. आणि शेतांपलीकडे जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या दुर्बिणी. अशा एकूण 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांची तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची. आरपार आभाळ दिसतं. वारा तिच्यातून निघून जातो, रेडिओलहरी मात्र परावर्तित होतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही काटकसरीची कल्पना. त्या जाळीकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

मन भाचीपाशी होतं. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिच्या आधारे भाची दोन महिने पुण्यात मार्गदर्शकांच्या हाताखाली याच दुर्बिणींच्या नोंदींवर काम करतेय. ऐन तोडणीत घरचे दोन हात कमी होणं बहिणीला परवडत नाही. पण विद्यावेतन मिळतं म्हटल्यावर पोरीचं जाणं घरात ‘काम’ ठरलं. पैसे नसते तर बहिणीने सोडलं असतं का? विचारायचा धीर होत नाही.

परवा फोनवर म्हणाली, “मामा, मी ज्यावर काम करतेय त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मार्गदर्शक मॅडमनाही माहीत नाही. आम्ही दोघी शोधतोय.” तिच्या आवाजातला तो आनंद अजून मनातून जात नाही.

या शिष्यवृत्तीचे अर्ज उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधी भरावे लागतात. घरात विज्ञान शिकणारं पोर असेल, तर दिवाळीच्या सुमारासच त्याच्याजवळ हा विषय काढा.