सांधा
फोर-व्हील टाकून वळलं की पुढून कट्‌कट् यायचं. सरळ रस्त्यावर गाडी चिडीचूप. चाक उचललं, स्टिअरिंग पुरतं वळवून हाताने फिरवलं, तर एका जागी अडखळायचं. चाकामागच्या सांध्यातला क्रॉस गेलेला. सर्क्लिप काढून, व्हाइसमध्ये दाबून बेअरिंगची टोपी बाहेर काढली. ग्रीसचा पत्ता नाही, सुयांची विटकरी पूड झालेली. क्रॉसच्या टोकांवर सुयांच्याच लांबीचे चरे. त्यांवरून बराच वेळ उगाच नख फिरवत राहिलो. वाकलेला असताना हा सांधा दर फेऱ्यात दोनदा वेग घेतो, दोनदा मंदावतो. बसणाऱ्याला पत्ताही नसतो. आवाज आल्यावरच आपण खाली वाकतो. बाबांच्या गुडघ्यांचंही तसंच… असो. दुसऱ्या बाजूचा क्रॉस अजून वाजत नाही. तोही बदलणार, गॅरेजवाला कितीही नको म्हणाला तरी.